फायटर पायलट व्हायचंय? क्लासची फी भरण्याआधी मोजपट्टी काढा

मुलाला किंवा मुलीला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवा, पाय समोर सरळ करायला सांगा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजा. वायुसेनेच्या फ्लाइंग ब्रँचसाठी ही लांबी ९९ ते १२० सेंमी लागते. मग खुर्चीवर बसवून कुल्ल्यापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडी मोजा. ती ६४ सेंमीपेक्षा जास्त असेल तर आपत्कालात सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनलवर आपटतात. पाय आखूड असतील तर रडरचे, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे पेडल नीट दाबता येत नाहीत. बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंमी आणि उभी उंची किमान १६२.५ सेंमी. या मापांत गुणवत्ता यादी मदतीला येत नाही.

त्यानंतर डोळे. चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. नेत्रतज्ज्ञांकडून थेंब टाकून तपासणी करून घ्या, कारण कोवळ्या वयात प्लस नंबर लपलेला राहतो. मायनस नंबर एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मार्गाने चालत नाही. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली लेसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, ग्राह्य धरत नाहीत, म्हणून 'बारावी झाली की लेसिक करू' हा घरोघरी ऐकू येणारा बेत उलट अंगाशी येतो. पदवीनंतरच्या प्रवेशात लेसिकचा विचार होतो, पण शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि मधला किमान बारा महिन्यांचा काळ, सगळं बघतात. रंगांची ओळखही तपासून घ्या.

दहावीनंतरची चूक सर्वांत महाग पडते. ठाण्यात काय नि वाशीत काय, अकरावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन गणित सोडलं की फ्लाइंगचे बहुतेक रस्ते तिथेच बंद. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. दहावीत असतानाच एनडीएची तयारी करून घेणाऱ्या, राज्य सरकारच्या छत्रपती संभाजीनगरच्या सेवा पूर्व शिक्षण संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश वजा. पदवीनंतर एएफकॅट (वायुसेनेची स्वतःची प्रवेश परीक्षा) किंवा सीडीएस (यूपीएससीची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा), वय २० ते २४. एएफकॅटला पदवीत ६० टक्के आणि बारावीत गणित-फिजिक्सला प्रत्येकी ५० टक्के लागतात. खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये लाखो रुपये घालायची गरज नाही. कमर्शियल लायसन्स असेल तर वयाची मर्यादा २६ होते, एवढाच फायदा. विमान चालवायला वायुसेनाच शिकवते.

लेखी पार पडलं की पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखती आणि चाचण्या. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला बरेचजण घरी परततात. चित्रावर गोष्ट लिहिताना पाठ केलेला नायक घुसवला की मानसशास्त्रज्ञाला ते लगेच कळतं. गटचर्चेत आरडाओरडा करणाऱ्यालाही फारसं काही मिळत नाही.

मग सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची पायलट निवड चाचणी. डोळे, हात, पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतात का हे ती बघते. नापास झालात तर आयुष्यात पुन्हा फ्लाइंगसाठी ती देता येत नाही. म्हणून आदल्या रात्री जागरण नको. ताप असेल तर लपवू नका. सूचना कळली नसेल तर चाचणी सुरू होण्याआधीच विचारा. स्टिक, म्हणजे हातातला दांडा, हलकी धरा. दचकून जोरात ओढणारेच जास्त भरकटतात.

व्यायाम आजपासून सुरू करा. २.४ किमी १५ मिनिटांत धावता यायला हवं, पुशअप आणि सिटअप किमान वीस-वीस, चिनअप आठ. ठाण्यात येऊरचा रस्ता किंवा नवी मुंबईत खारघरचं सेंट्रल पार्क पहाटे चांगलं. पाय आणि पोट मजबूत करा. ९ जी वळणात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर पडतो तेव्हा, सत्तर किलोचं शरीर ६३० किलोचं झाल्यासारखं वाटतं, रक्त पायांकडे उतरतं, आणि मांड्या-पोट आवळून ते डोक्यात टिकवावं लागतं.

एनडीएतून निवड झालेल्यांची तीन वर्षं खडकवासल्याला जातात, नंतर हैदराबादजवळ डुंडीगल. तिथे पिलाटस पीसी-७ वर उड्डाण सुरू होतं. त्यापुढे फायटर, हेलिकॉप्टर आणि ट्रान्सपोर्ट अशा तीन वाटा फुटतात. कोणती मिळेल हे कामगिरीवर आणि वायुसेनेच्या गरजेवर ठरतं, फक्त आवडीवर नाही. फायटर मिळालेल्यांचं पुढचं प्रशिक्षण बीदरला हॉक विमानावर होतं.