दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग: या चुका टाळा

दिव्यांगांसाठी राखून ठेवलेली पार्किंगची जागा दाराजवळ असते, त्यामुळे ती चालण्याचे कष्ट वाचवणारी सवलत आहे, असा बहुतेकांचा समज असतो, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका समजातून होतात. अंतर महत्त्वाचे आहेच. इमारत बांधकामाच्या नियमांनीही ते प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत ठेवायला सांगितले आहे. मात्र त्याच नियमात जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी असेही म्हटले आहे, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. साधी पार्किंगची जागा सुमारे अडीच मीटर रुंद असते. त्यात पावणेदोन मीटरच्या आसपास रुंदीची गाडी उभी केली, की दोन्ही बाजूंना जेमतेम चाळीस-चाळीस सेंटीमीटर उरतात. सडपातळ माणूस दार अर्धवट उघडून तेवढ्यातून बाहेर पडतो. व्हीलचेअर साठ ते सत्तर सेंटीमीटर रुंद असते, शिवाय तिच्यावर बसण्यासाठी गाडीचे दार पूर्ण उघडावे लागते. वाढीव जागा त्यासाठी आहे.

माझा धाकटा भाऊ पाठीच्या कण्याला झालेल्या इजेनंतर व्हीलचेअर वापरतो आणि हाताने चालवायचे ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर बसवलेली गाडी स्वतः चालवतो. गाडीतून उतरताना तो आधी दार पूर्ण उघडतो, शेजारच्या सीटवरची खुर्चीची चौकट अंगावरून ओढून बाहेर जमिनीवर ठेवतो, मग मागच्या सीटवरचे एकेक चाक काढून त्याच्या मधले बटण दाबत चौकटीत बसवतो, गादी टाकतो, खुर्चीचे ब्रेक लावतो आणि दोन्ही हातांवर शरीराचा भार तोलून खुर्चीत सरकतो. सवयीच्या हातांनी हे सगळे तीन-चार मिनिटांत होते, पण त्यासाठी दाराबाहेर निदान एक मीटर मोकळी आणि सपाट जमीन लागते. पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरात तो दीड तासाने परत आला, तेव्हा त्याच्या दारालगतच्या पिवळ्या पट्ट्यांवर कुणीतरी मोटार लावून गेले होते. गाडी दिसत होती, किल्ली हातात होती, आणि आत जाता येत नव्हते. त्या मोटारीचा मालक यायला पाऊण तास लागला. आल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “तुमच्या जागेत लावलीच नाही, मधल्या रिकाम्या जागेत लावली होती.”

पट्ट्यांची जागा रिकामी समजणे

त्या गृहस्थांची चूक ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक आहे. राखीव जागेलगत तिरप्या पट्ट्यांनी रंगवलेला १.२ मीटरचा भाग हा त्या जागेचाच हिस्सा असतो. व्हीलचेअर तिथे उतरते, वळते आणि रॅम्पकडे निघते. तो भाग मोकळा दिसतो, कारण तो मोकळा राहावा म्हणूनच रंगवलेला असतो. त्यावर दुचाकी लावणे, सामानाच्या ट्रॉल्या ठेवणे, झाडांच्या कुंड्या किंवा सफाईचे साहित्य रचणे हे राखीव जागेत मोटार घुसवण्याइतकेच अडवणारे आहे. किंबहुना काही वेळा ते अधिक त्रासाचे ठरते, कारण जागा आधीच भरलेली असेल तर दिव्यांग चालक दुसरीकडे जाऊ शकतो, पण तो आत गेल्यावर पट्टे अडवले, तर त्याची परतीची वाटच बंद होते. शेजारच्या साध्या जागेत गाडी लावणाऱ्यानेही आपली चाके रेषेच्या आत आहेत ना, एवढे उतरल्यावर पाहून घ्यावे.

स्वतः दिव्यांग असलेल्या किंवा त्यांना घेऊन जाणाऱ्या चालकांकडूनही इथे एक चूक होते. आपल्याकडे चालकाची बाजू उजवीकडे असते. गाडी सरळ आत घातल्यावर पट्टे डावीकडे येत असतील, तर दिव्यांग चालकाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. अशा वेळी गाडी मागे घेत आत लावली, की त्याचे दार पट्ट्यांकडे उघडते. दिव्यांग व्यक्ती चालकाच्या शेजारी बसत असेल, तर हिशेब नेमका उलटा होतो. हे आत वळण्यापूर्वीच ठरवावे.

“पाचच मिनिटे” आणि चालू इंजिन

चारही इंडिकेटर लावून, इंजिन चालू ठेवून, औषध किंवा पार्सल आणायला गेलेला माणूस आपण गाडी लावलेलीच नाही, नुसती थांबवली आहे, असे मानतो. त्या पाच मिनिटांत ज्याला ती जागा हवी असते, तो येतो, ती भरलेली पाहतो आणि न थांबता पुढे जातो, म्हणून आपल्यामुळे कुणी परत गेले हे त्या माणसाला कधी कळतही नाही. गाडीत चालक बसून असला, तरी फरक पडत नाही. राखीव जागेची गरज असलेल्या माणसाने काच खाली करून विनंती करावी आणि मग जागा मिळावी, ही व्यवस्था नव्हे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांतील गाडी कुठे लावू नये याच्या यादीत दिव्यांग चालकांच्या वाहनांसाठी नेमलेल्या जागेचा समावेश आहे.

पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या किंवा वयोमानाने थकलेल्या माणसाला घेऊन आला असाल, तर त्यांना प्रवेशद्वाराशी उतरवून गाडी साध्या जागेत लावणे बहुतेक ठिकाणी शक्य असते. एकट्या आलेल्या व्हीलचेअरवरील चालकाला तो पर्याय नसतो.

कार्ड एकाचे, फायदा दुसऱ्याचा

आपल्याकडे देशभर चालणारा असा एकच पार्किंग परवाना नाही. दिव्यांगत्वाचा पुरावा म्हणून केंद्र सरकारचे युडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, ग्राह्य धरले जाते; शिवाय २२ ऑक्टोबर २०२० च्या अधिसूचनेनंतर वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार म्हणून ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करता येते. काचेवर चिकटवायचे व्हीलचेअरचे स्टिकर मात्र कुणालाही दुकानातून विकत मिळते आणि त्याला कायद्याने कसलाही अधिकार मिळत नाही. सुरक्षारक्षक स्टिकर पाहून साखळी काढतात, आणि कार्ड दाखवणाऱ्या पण स्टिकर नसलेल्या माणसाशी वाद घालतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सवलत माणसाला आहे, गाडीला नाही. वडिलांच्या नावाने नोंदलेली गाडी मुलगा ऑफिसला नेतो आणि वडील घरी असतात, तेव्हा त्या गाडीला राखीव जागेत उभे राहण्याचा हक्क नसतो. मुलगा वडिलांना आणायला निघाला असेल, तर गोष्ट वेगळी. घरातल्या लोकांना यात फसवणूक वाटत नाही, कारण कार्ड खरे असते आणि आजारपणही खरे असते. तरीही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ९१ इथे वाचण्यासारखे आहे: लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा कोणताही लाभ फसवणुकीने घेणे किंवा घेण्याचा प्रयत्न करणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर याबाबत अधिक जपायला हवे, कारण तिथे खराखुरा परवाना आहे आणि त्याची तपासणीही होते. १९७० च्या कायद्यातून निघालेला हा परवाना, म्हणजे नारिंगी बॅज, २००० पासून निळा झाला. तो व्यक्तीच्या नावे मिळतो आणि त्याच्या मागच्या बाजूला तिचे छायाचित्र असते. ज्याच्या नावे बॅज आहे तो प्रवासात नसताना, किंवा त्याला सोडायला-आणायला जात नसताना, तो काचेशी ठेवून गाडी लावली, तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि २०१३ च्या कायद्यामुळे तपासनीस बॅज तिथल्या तिथे काढून घेऊ शकतात. भारतातून पाहुणे आलेल्या आईवडिलांसाठी नात्यातल्या किंवा ओळखीतल्या कुणाचा बॅज मागून नेणे यात सरळ बसते. इंग्लंड-वेल्समध्ये रस्त्याकडेच्या पिवळ्या रेषांवर, म्हणजे एरवी गाडी लावायला मनाई असते तिथे, बॅजधारकाला साधारणपणे तीन तासच थांबता येते आणि त्यासाठी आल्याची वेळ दाखवणारी तबकडी बॅजसोबत ठेवावी लागते, हेही विसरले जाते. सुपरमार्केटसारख्या खासगी पार्किंगला ही योजना लागू नसते, त्यामुळे तिथली पाटी वेगळी वाचावी. बॅजधारकाचे निधन झाल्यास बॅज परत करायचा असतो.

नुसते पाहून निवाडा करणे

गैरवापर थांबवण्याच्या तळमळीतून होणारी ही चूक आहे आणि ती फार लागते. निळ्यावर पांढऱ्या व्हीलचेअरचे चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीच्या रेखाटनातून आले आणि जगभर पोहोचले. मात्र त्यामुळे दिव्यांग म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस, हे चित्र मनात पक्के झाले. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकल सेल असे आजारही आहेत. पँटच्या आत कृत्रिम पाय असलेला तरुण सहज चालत दुकानात शिरतो आणि तासाभराने त्याच्या तुटलेल्या पायाच्या टोकाला झालेल्या जखमेमुळे त्याला एकेक पाऊल जड जाते. अशा माणसाला चारचौघांत “तुम्हाला काय झालंय?” असे विचारणे म्हणजे त्याच्या शरीराचा हिशेब मागणे होय. विचारायचेच असेल तर व्यवस्थापनाच्या माणसाने बाजूला जाऊन, “साहेब, ही राखीव जागा आहे, आपल्याकडे कार्ड आहे ना?” एवढेच विचारावे, आणि कार्ड दाखवल्यावर विषय संपवावा.

दोन बाजूंना जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून येणाऱ्यांना “ही जागा कारसाठी आहे” म्हणून हुसकावणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे. ती स्कूटर दुचाकींच्या दाटीत शिरत नाही, आणि कुबड्या घेऊन उतरायला तिलाही बाजूला जागा लागते.

व्यवस्थापनाच्या आणि सोसायट्यांच्या चुका

जागा कुणी बळकावू नये म्हणून तिथे साखळी लावतात किंवा प्लॅस्टिकचे शंकू ठेवतात. हेतू चांगला असतो, पण ते शंकू हलवायला गाडीतून उतरावे लागते, आणि एकटा आलेला व्हीलचेअरवरील चालक नेमके तेच करू शकत नाही. कुलपाची किल्ली ज्या पर्यवेक्षकाकडे असते तो जेवायला गेलेला असतो. अडथळा ठेवायचाच असेल तर जवळ सतत माणूस हवा, किंवा गाडीतून सहज वाचता येईल असा फोन क्रमांक पाटीवर हवा. त्याहून बरे म्हणजे जमिनीवरच्या रंगासोबत उभी पाटी लावावी, कारण गाडी उभी राहिली की जमिनीवरचे चिन्ह तिच्याखाली झाकले जाते.

गृहनिर्माण सोसायट्यांत ही जागा नकाशावर असते आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, की काही महिन्यांत ती पाहुण्यांची होते, नाहीतर कुणा सदस्याला दिली जाते. “आपल्या इमारतीत दिव्यांग कुणी नाहीच” हे त्यावरचे ठरलेले उत्तर आहे. पक्षाघात काही पूर्वसूचना देऊन येत नाही, आणि भेटीला येणाऱ्यांतही कुणी व्हीलचेअरवर असू शकते. सदस्याला गरज असेल तर त्याने सेक्रेटरींना तोंडी सांगून थांबू नये. कार्डाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा, लिफ्टजवळची नेमकी जागा आणि लागणारी रुंदी त्यात लिहावी, पोच घ्यावी, आणि दुसऱ्या सदस्याशी जागेची अदलाबदल शक्य असेल तर तेही सुचवावे. माझ्या अनुभवात समित्या ‘सवलत’ या शब्दाला अडतात आणि मोजमाप दाखवल्यावर ऐकतात.

मॉल, रुग्णालये आणि कार्यालये यांना आता “या नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत” असेही म्हणता येणार नाही. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, २०१७ यांतील नियम १५(१) २०१६ च्या मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याला सक्तीची मानके अपेक्षित असताना नियमाने ती ऐच्छिक करून ठेवली होती. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. कायद्याच्या कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

जागा अडलीच तर

संतापाने गाडीवर ओरखडे काढणे किंवा चाकातली हवा सोडणे टाळावे. हवा सोडलेली गाडी तर आणखी काही तास तिथून हलत नाही. आधी छायाचित्रे घ्यावीत, आणि एकाच चौकटीत वाहनाचा क्रमांक, राखीव पाटी आणि जमिनीवरचे पट्टे दिसतील असे पाहावे, कारण नुसत्या क्रमांकपट्टीच्या फोटोवरून गाडी कुठे उभी होती हे सिद्ध होत नाही. नंतर व्यवस्थापनाला क्रमांक पुकारायला सांगावे. रस्त्यावरच्या जागेसाठी वाहतूक पोलिसांकडे, महाट्रॅफिक अ‍ॅपवरूनही, तक्रार करता येते. खासगी आवारात पोलीस बहुधा व्यवस्थापनाकडे बोट दाखवतात. तिथे तक्रार लेखीच द्यावी आणि तीत वाहनमालकाऐवजी जागा मोकळी न ठेवणाऱ्या आस्थापनेचे नाव लिहावे. तरीही दाद मिळाली नाही, तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाकडे ती छायाचित्रे, अर्जाची पोच आणि कार्डाची प्रत जोडून पाठवता येते. कायद्याने आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत.

भावाने त्या पाऊण तासानंतर एक सवय लावून घेतली आहे. गाडी लावून उतरला, की निघण्यापूर्वी तो दारालगतच्या मोकळ्या पट्ट्यांचा एक फोटो काढतो आणि जवळच्या सुरक्षारक्षकाला सांगतो, “दादा, मला परत येताना एवढी जागा लागेल, लक्ष ठेवाल का?” बहुतेक वेळा ते ठेवतात.