अंदमानला निघताना : तेथील हवा आणि आपली बॅग

चंद्रपूर-यवतमाळकडील माणूस मे महिन्यातील 45 अंशांचे ऊन दरवर्षी अंगावर काढतो. त्यामुळे अंदमानात दुपारी 30-31 अंशच तापमान असते हे ऐकून तो निर्धास्त होतो आणि बॅग भरताना चुकतो. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे घाम चटकन उडून जातो व अंग निवते. आपला कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. बेटांवरील हवा मात्र बाष्पाने जड असते, घाम अंगावरच राहतो आणि रात्रीचा पाराही सहसा 23 अंशांखाली उतरत नाही.

म्हणून तेथे न्यावयाच्या प्रत्येक कपड्याला एकच कसोटी लावावी : तो रात्रभरात वाळेल काय? जीन्स आणि जाड टॉवेल या कसोटीला उतरत नाहीत. सैल, पातळ सुती कपडे दोन जोड अधिक घ्यावेत. उन्हात डोक्याला बांधतो तो आपला दुपट्टा मात्र अवश्य घ्यावा. अंग पुसण्यासही तो पुरतो. स्वेटरचे तेथे काहीच काम नाही.

जाण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी. मृगाची वाट पाहण्याची आपली सवय येथे फसवते, कारण तेथे मोसमी पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोहोचतो. दिवाळीच्या सुट्टीत ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळे यांचा धोका असतो व समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. हरभरा घरात आल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणे सर्वांत सोयीचे.

समुद्रात उतरताना प्रवाळाच्या धारदार कडांनी तळवे कापतात; त्यासाठी मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्यावी. स्वराजद्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) बेटावर बोटीने जाताना मळमळू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या जवळ ठेवाव्यात. मोबाइल व कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी पिशवी हवी. घरचा चिवडा न्यायचा असल्यास घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावा. पुडा एकदा फोडला की तो तासाभरात सादळतो.

घड्याळ आपलेच असले तरी बेटे बरीच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे लहान टॉर्च उपयोगी पडते, आणि किनाऱ्यावरील फिरणे सकाळीच उरकलेले बरे. परतताना बॅगेत शिंपल्यांसाठी जागा ठेवू नये. किनाऱ्यावरील प्रवाळ व शिंपले उचलून आणण्यास तेथे मनाई आहे.