युरोपात शिकताय? पॅरिसची संग्रहालयं फुकट बघा

जर्मनी, फ्रान्स, आयर्लंडमध्ये शिकणारी आपली मुलं पॅरिसला जाऊन लूव्र संग्रहालयाचं पूर्ण तिकीट काढतात. वय २६ च्या आत असेल, तर गरजच नाही. ही सवलत पासपोर्टवर नाही, वास्तव्यावर आहे; युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यालाही मिळते.

१. लूव्र, ऑर्से (हेही कलासंग्रहालय), व्हर्सायचा राजवाडा, तिन्हीकडे मोफत प्रवेश. आयफेल टॉवर मात्र यात नाही.
२. लूव्रची वेळ संकेतस्थळावर आधीच राखून ठेवा, शून्य युरोच्या तिकिटालाही वेळ ठरवावी लागते.
३. दारात मूळ रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट दाखवा. नुसत्या कॉलेजच्या ओळखपत्रावर भागत नाही. इथेच बहुतेक अडकतात.
४. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी पॅरिसच्या मारे भागातली रोझिए गल्ली गाठावी. फलाफल (चण्याचे तळलेले वडे) पोटभर. पण दुकानं ज्यू लोकांची, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी बरीच बंद. हॉटेलात बाटलीबंद पाणी घेऊ नका, ‘कराफ दो’ (फ्रेंचमध्ये सुरईभर पाणी) मागा. जेवणासोबत नळाचं पाणी फुकट देतात. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या, टेबलावर बसलात की बहुधा दर वाढतो.