हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरकडे वळू पाहणाऱ्या इंजिनिअर मुलींसाठी

हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर नीट नोंदवायच्या, सांभाळायच्या आणि वापरायच्या कामात कसं शिरायचं, असं विचारत आलेल्या मुलीला मी आधी विचारते, ‘केसपेपर काढायला रांगेत शेवटचं कधी उभी राहिली होतीस?’ कोडिंग तर हल्ली सगळ्यांनाच येतं. मी मूळची इन्स्ट्रुमेंटेशनची, पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या सिस्टिम्स विभागात केस पांढरे केलेली. म्हणून क्रम माझ्या पद्धतीनं सांगते.

पहिलं काम म्हणजे एखाद्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाची लेखी परवानगी काढा आणि सोमवारी सकाळी नोंदणीच्या खिडकीमागे जाऊन बसा. सोमवारीच, कारण रविवारची तुंबलेली गर्दी तेव्हा येते. वहीत एवढंच टिपायचं: कोणती माहिती, कुणी, कितव्यांदा लिहिली. पेशंटचं नाव वहीत येता कामा नये. मग पेशंटचा एकच नोंदणी नंबर केसपेपरवर, रक्ताच्या ट्यूबवर, लॅबच्या रजिस्टरात आणि शेवटी पुन्हा कॉम्प्युटरवर कसा उतरतो ते दिसेल. वॉर्डात गेलात तर सिस्टर बीपीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून ती ट्रेला चिकटवताना दिसतील, कारण कॉम्प्युटर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. त्यांना नावं ठेवू नका, तो कॉम्प्युटर तिथे कुणी ठेवला ते विचारा. आणि ड्यूटी बदलताना त्यांना काहीही विचारू नका. बोलणी खाल, आणि ती रास्तच असतील.

खिडकीवरचा खरा घोळ नावांचा. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा नोंद माहेरच्या आडनावानं. दोन वर्षांनी तीच बाई सासरच्या नावानं येते, इंग्रजीत ‘सुनीता’चं स्पेलिंग बदललेलं असतं, वर कुणीतरी नावाच्याच रकान्यात ‘सौ.’ भरलेलं. झाल्या दोन बायका! पेनिसिलिनची ॲलर्जी एकीच्या फाइलमध्ये, इंजेक्शन दुसरीच्या. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननं २०२१पासून जो १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक, पसरवायला घेतलाय, तो कशासाठी हे या खिडकीवर तासाभरात कळतं.

हे असं बघायची सवय इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधली, म्हणजे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघून सुधारणाऱ्या शाखेतली. या बाबतीत एक करिअर नीट अभ्यासण्यासारखं आहे, पॅट्रिशिया फ्लॅटली ब्रेनन यांचं. त्या आधी नर्स, मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी. घरोघरी इंटरनेट पोचायच्या आधीच क्लीव्हलँडमध्ये त्यांनी ‘कॉम्प्युटरलिंक’ नावाचा प्रयोग केला. अल्झायमरच्या पेशंटला घरी सांभाळणाऱ्यांच्या घरात टर्मिनल बसवली. आजाराची माहिती, निर्णय घ्यायला मदत आणि एकमेकांशी बोलायची सोय, असं सगळं त्यात होतं. लोकांनी सर्वांत जास्त वापरली ती बोलायची सोय. पुढे २०१६ ते २०२३ त्या अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संचालक होत्या. पबमेड चालवणारी संस्था ती हीच. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री, आणि पहिल्या नर्सही. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. तुम्ही इंजिनिअरांच्या मागे नाही, दोन पावलं पुढे आहात.

आता अभ्यास. स्नोमेड सीटी म्हणजे आजार, लक्षणं, शस्त्रक्रिया यांची सांकेतिक यादी. ती सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ साली सदस्य झाला, त्यामुळे आपल्याला ती फुकट वापरता येते, आणि देशासाठी ते काम पाहणारं केंद्र आपल्याच पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. लॅब तपासण्यांच्या कोडसाठी लॉइंक (LOINC), आणि माहिती एका सिस्टिममधून दुसरीकडे ठरलेल्या साच्यात पाठवायला फायर (FHIR) हे मानक. वाचत बसू नका, करून बघा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लॉइंक कोड ७१८-७. तो घेऊन एक रिपोर्ट फायरच्या ‘ऑब्झर्व्हेशन’ या साच्यात बसवा आणि हापी फायर या मोफत सॉफ्टवेअरच्या चाचणी सर्व्हरवर चढवा. पेशंट लागतील ते सिंथिया या मोफत सॉफ्टवेअरमधून खोटे तयार करा. खऱ्या पेशंटचा डेटा पेन ड्राइव्हवर घरी नेणारीला मी दारातूनच परत पाठवते, मग २०२३चा डेटा संरक्षण कायदा तिला तोंडपाठ असला तरी.

हिमोग्लोबिन जमलं की प्लेटलेट घ्या. एक लॅब १.५ लिहिते, दुसरी १५०, तिसरी १,५०,०००. तिन्ही बरोबर, कारण एकीनं लाखात मोजलं, दुसरीनं हजारात, तिसरीनं सरळ आकड्यात. एकक न वाचणारं सॉफ्टवेअर १.५ला धोक्याचा आकडा समजून पहिल्या पेशंटसाठी रात्री दोनला डॉक्टरांना उठवेल. डेंग्यूच्या दिवसांत हे महागात पडतं. ही एकच तपासणी तिन्ही तऱ्हांनी बिनचूक आत घेणारा छोटा प्रोग्रॅम तुमच्याकडे असेल, तर इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांची चळत नेऊ नका, तो चालवून दाखवा.

डिग्री कोणती, यावर फार डोकं खपवू नका. कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन, बायोमेडिकल, नर्सिंग, काहीही चालतं.

नोकरीचं म्हणाल तर हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत पगार जास्त, पण तिथं काम बहुतेक अमेरिकन हॉस्पिटलांचं. पेशंट दिसतच नाही. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं हॉस्पिटलच्याच आयटी विभागात काढा. घरचे म्हणतील, ‘एवढं शिकून प्रिंटर दुरुस्त करतेस?’ करावा लागतो कधीकधी. पण प्रिंटर बंद पडल्यावर डिस्चार्ज कुठे अडकतो, बिलिंगवाले कुणाला फोन लावतात, नातेवाईक किती वेळ ताटकळतात, तेही तेव्हाच दिसतं. तेवढी वही सोबत ठेवा.