कोकोतलं फॅट किती वाढलं? आलेख वाचताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या साखळी गावच्या एका महिला मंडळात मी 'आपल्या आहारातलं तेल-तूप' यावर बोललो होतो. सोबत स्वतः काढलेला आलेख होता: 1961 पासून देशात माणशी रोज कोकोपासून किती ग्रॅम फॅट उपलब्ध होतं त्याचा. एका ठिकाणी रेघेने उडी मारली होती. मी लगेच मॉल, जाहिराती, वाढदिवसाचे केक असं सगळं त्या उडीला चिकटवलं. पुढच्या रांगेतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही दुसरी फाइल जोडलीत ना, उडी नेमकी तिथेच आहे."

खरं होतं. हे आकडे येतात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, फूड बॅलन्स शीटमधून, म्हणजे देशोदेशींच्या अन्नाच्या ताळेबंदातून. जुनी मालिका 1961 ते 2013 ची, नवी 2010 पासूनची, आणि दोन्हींची हिशेबाची पद्धत वेगळी. मी दोन्ही टोकं जोडून एकच रेघ ओढली होती. उपाय सोपा आहे. 2010 ते 2013 ही चार वर्षं दोन्हीकडे आहेत, ती शेजारी शेजारी मांडा. त्याच वर्षासाठी दोन वेगळे आकडे दिसले, तर तो फरक पद्धतीचा, जिभेचा नव्हे. मग दोन तुटक रेघा काढा आणि मधली जागा मोकळी सोडा. दिसायला वाईट दिसतं, पण खोटं नसतं.

दुसरी चूक शब्दाची. शीर्षकात 'सप्लाय', म्हणजे पुरवठा, असतं आणि आपण वाचतो 'खाल्लं'. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक, बियाणं, वाटेतली नासाडी, इतर वापर. जे उरलं त्याला लोकसंख्येने भागायचं. एवढंच. घरात फुकट गेलेलं त्यातून वजा होत नाही. मे महिन्यात आमच्या फोंड्याच्या घरात कपाटात विसरलेली डार्क चॉकलेटची वडी दोनदा वितळून दोनदा घट्ट झाली आणि तिच्यावर पांढुरकी साय धरली. (ती बुरशी नव्हे. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं फॅट, साधारण 34 अंशांना वितळतं आणि पुन्हा घट्ट होताना पृष्ठभागावर येऊन त्याचे स्फटिक बनतात. खायला काही हरकत नसते.) घरच्यांनी ती टाकून दिली. ताळेबंदाच्या लेखी आम्ही ती खाल्ली.

इथेच गोव्याबद्दलचा मोह आवरा. शीटमध्ये भारताची ओळ आहे, गोव्याची नाही. देशाची सरासरी उचलून 'गोंयकार इतकं चॉकलेट खातो' असं लिहिणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. 2011 च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो आणि पर्यटक वर्षाला त्याच्या कित्येक पट येतात. कळंगुटला खपलेली वडी कोणाच्या नावावर मांडणार? नव्या पद्धतीत पर्यटकांसाठी वेगळा रकाना आहे, पण तोही देशपातळीवरचा.

टक्केवारीने तर भलेभले फसतात. समजा आकडा रोज 0.1 ग्रॅमवरून 0.2 ग्रॅम झाला. 'दुप्पट!' अशी बातमी होईल. पण 0.1 ग्रॅम गुणिले 365 म्हणजे वर्षाला साडेछत्तीस ग्रॅम. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश फॅट असतं, म्हणजे 110 ग्रॅम खोवलेल्या नारळात तितकं भरतं. एका दुपारच्या हुमणाच्या, म्हणजे माशांच्या आमटीच्या, वाटपात जातं ते. वर्षभराची वाढ एका जेवणात संपली! तेव्हा आधी ग्रॅम लिहा, मग टक्के. आणि इतक्या लहान आकड्यात दशांश जवळच्या आकड्याला पूर्ण करणंही उडी दाखवू शकतं, हे लक्षात असू द्या.

गुणाकाराची चूक जास्त हुशार लोक करतात. व्यापारात कोकोची पूड, बटर, पेस्ट वेगवेगळी फिरते आणि तुलनेसाठी ती बियांच्या वजनात बदलतात: बटरला 1.33 ने गुणायचं, पेस्टला 1.25 ने, पुडीला 1.18 ने. आता 100 किलो पूड घ्या. तिच्यातलं बटर आधीच पिळून काढलेलं, फॅट साधारण 11 टक्के, म्हणजे 11 किलो. तुम्ही तिचं 118 किलो बी केलंत आणि वर बियाचे 45 टक्के लावलेत, तर 53 किलो. पाचपट जवळजवळ. बियांच्या वजनाचा तक्ता वजनासाठीच वापरा. फॅट हवं असेल तर शीटमधला फॅटचाच रकाना घ्या. नेदरलँड्ससारख्या देशाच्या बाबतीत तर आणखी जपून. तिथे प्रचंड बी येतं, दळलं जातं आणि बाहेर जातं. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून उरलेल्या छोट्या आकड्यात साठ्याची जराशी चूकही डोंगराएवढी होते.

किमतीचंही तसंच. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. म्हणून त्या वर्षी लोकांनी कमी खाल्लं असं परस्पर ठरवू नका. वडी लहान होते, कोको बटरच्या जागी दुसरं फॅट येतं, गिऱ्हाईक मात्र तेच राहतं.

हे 'दुसरं फॅट' नीट बघण्यासारखं आहे. बेकरीतल्या कंपाउंड चॉकलेटमध्ये कोकोची पूड असते आणि चरबी बहुधा पामची. देशात बनलेल्या त्या मालातलं पामचं फॅट तेलांच्या ओळीत जातं, कोकोच्या नाही. म्हणून केकवरचा तपकिरी थर दुपटीने वाढूनही कोकोची रेघ ढिम्म राहू शकते. उलट व्हाइट चॉकलेट हे कोको बटरचंच, पण जकातीच्या वर्गीकरणात ते 1704 या क्रमांकाखाली, साखरेच्या मिठायांत बसतं. कोकोच्या 18 व्या प्रकरणात ते सापडणार नाही. चॉकलेट लावलेली बिस्किटं आणखी तिसरीकडे, 1905 मध्ये.

आणि हो, कोको म्हणजे कोकम नव्हे. हसू नका, दोन जणांनी मला विचारलंय. पण नातं अगदीच नाही असंही नाही. युरोपीय संघाच्या 2000 च्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पती चरब्यांची यादी आहे: पाम, साल वृक्ष, शिया, इलिपे, आंब्याची कोय आणि कोकम. म्हणजे आपलं भिरंडेल! थंडीत टाचेच्या भेगांना लावायला आजी फडताळात ठेवायची, तोच पांढरा गोळा.