फ्लाउट बांधायला बसण्याआधी

लाकूड सगळ्यांत शेवटी हातात घ्यायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण जहाजाचं मॉडेल करायचं ठरलं की पहिला हात लाकडाकडेच जातो आणि पुढचे सहा महिने त्या घाईची किंमत मोजण्यात जातात. फ्लाउटच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. १५९५ च्या सुमारास हॉलंडमधल्या होर्न गावात पहिल्यांदा बांधलं गेलेलं हे मालवाहू जहाज. घागर आठवा: पोट मोठं आणि गळा अरुंद. फ्लाउट मधोमध आडवी कापली तर आकार साधारण तसाच दिसतो. मागचा भागही इतर जहाजांसारखा सपाट नसतो, तो गोलाकार वळत वर जातो. हा आकार ज्यांनी घडवला त्यांनी त्याचे नकाशे मात्र काढून ठेवले नाहीत. मापं आणि प्रमाणं ठरलेली असत, बाकी सगळं नजरेत आणि हातात. आपल्याकडे मचवा बांधणारे जुने सुतारही असेच काम करत आले आहेत. त्यामुळे निम्मं काम तयारीतच आहे असं समजून चाला.

पहिली गोष्ट म्हणजे वर्ष आणि माल ठरवा. ‘डच व्यापारी जहाज’ एवढ्यावर भागत नाही. बाल्टिक समुद्रातून धान्य आणायला जाणारी फ्लाउट वेगळी आणि लाकूड आणणारी वेगळी. लाकडाच्या जहाजाला लांब ओंडके आत सरकवण्यासाठी मागच्या बाजूला झडपेची दारं असत. शांत मार्गावरच्या जहाजावर तोफा नसत किंवा दोन-चारच असत, तर डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी आशियात फिरणाऱ्यांवर जास्त. कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात होती. त्या किनाऱ्याच्या ओढीने कोणी कंपनीची फ्लाउट निवडली तर मला आनंदच होईल, पण मग तोफा मोजून बसवाव्या लागतील. वर्षाचा संबंध थेट झेंड्याशी येतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा पट्टा बहुधा नारिंगी, पुढे तो लाल झाला. अरुंद डेकचंही एक कारण सांगतात: डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतला जकातीचा हिशेब डेकच्या मापावर होत असे, ती पद्धत १६६९ मध्ये बदलली आणि नंतरच्या फ्लाउटींचे डेक रुंद होत गेले. म्हणजे वर्ष बदललं की घागरीचा गळाही बदलतो. मी एका पुठ्ठ्यावर ‘१६४०, लाकूड, होर्न’ एवढंच लिहून भिंतीला लावलं आहे. शंका आली की तिकडे बघते.

मग साधनं गोळा करा. निकोलस विट्सेन यांचा जहाजबांधणीवरचा १६७१ चा ग्रंथ हा मुख्य आधार. ते पुढे ॲमस्टरडॅमचे महापौर झाले. त्यांच्या ग्रंथातल्या पिनास जातीच्या जहाजाची अब होव्हिंग यांनी केलेली पुनर्रचना अभ्यासली, तर जुन्या मापांवरून आकार कसा उभा राहतो ते कळतं. होव्हिंग हे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जहाजांच्या मॉडेलांची दुरुस्ती करत. त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून जुनी चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. वेन्झेल होलार यांची १६४७ ची डच जहाजांची चित्रमालिकाही जरूर पाहा. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाची साक्ष बाल्टिकच्या तळाशी आहे. तिथलं पाणी कमी खारट, म्हणून लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. २००३ मध्ये सुमारे १३० मीटर खोलीवर एक फ्लाउट सापडली, तिच्या डोलकाठ्या अजून उभ्या आहेत. २०२० मध्ये फिनलंडच्या आखातात ८५ मीटरवर आणखी एक मिळाली. तिच्या मागच्या फळीवर हंस कोरलेला आहे आणि १६३६ हे साल. पाण्याखाली घेतलेले या जहाजांचे फोटो छापून टेबलावर ठेवा. चित्रकार एखादी रेघ सफाईसाठी वळवतो, बुडालेलं जहाज तसं करत नाही.

आता फुटाचा घोळ. इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. ॲमस्टरडॅमचा फूट म्हणजे २८.३ सेंटिमीटर, आणि त्यात इंच बारा नव्हे, अकरा. त्या इंचाला डाउम म्हणतात, तो सुमारे २.५७ सेंटिमीटरचा. १३० फुटी जहाज घेतलं तर खरी लांबी ३६.८ मीटर. इंग्रजी फूट धरला तर ती ३९.६ होते, म्हणजे १:७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक. सगळी मापं आधी मिलिमीटरमध्ये बदलून वहीत एकाच तक्त्यात मांडा, कामाच्या मधोमध गणित करत बसू नका. तीन डाउम जाडीची फळी १:७२ ला १ मिलिमीटरच्या आसपास येते, एक फूट रुंदीची ४ मिलिमीटर. त्याच प्रमाणात एक माणूसही कापून ठेवा, १ मीटर ७० चा खलाशी २४ मिलिमीटरचा होतो. दार, पायरी, कठडा काहीही केलं की त्याला शेजारी उभा करा. चूक लगेच दिसते.

प्रमाण ठरवताना घरातली जागा मोजा. १:७२ ला नुसतं शरीर ५१ सेंटिमीटरचं, पुढची तिरकी काठी धरली तर लांबी बरीच वाढते आणि डोलकाठ्यांची उंची साधारण शरीराच्या लांबीइतकी जाते. १:४८ घेतलं तर शरीरच ७७. काचेची पेटी आणि ती दारातून आत येईल का, हेही आत्ताच मोजा.

लाकडाबद्दल माझं मत ठाम आहे. सागवान सुंदर, टिकाऊ, पण या कामाला नको. त्याची छिद्रं १:७२ च्या फळीवर भेगांसारखी दिसतात. हेदू मिळाला तर तो घ्या. पिवळसर, बारीक पोताचा असतो, त्याचे कंगवे करतात यावरून त्याचा गुण कळेल. आतल्या भरावाला शिवण उत्तम, हलकी आणि कमी वाकणारी. आडव्या फासळ्यांना ४ मिलिमीटर प्लायवूड पुरतं. लाकडी खिळ्यांसाठी बांबूच्या काड्या. १५९३ मध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन यांना पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचं पेटंट मिळालं आणि तिथल्या फळ्या यंत्रावर कापल्या जाऊ लागल्या, म्हणून तुमच्या पट्ट्याही सारख्या जाडीच्या हव्यात. जाडी व्हर्नियरने तपासूनच पट्टी बाजूला ठेवा.

हॉलंडच्या उत्तर भागातले कारागीर आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडत. मग तळाच्या फळ्या जोडून त्या छोट्या लाकडी पट्ट्या ठोकून धरून ठेवत आणि फासळ्या नंतर आत बसवत. पट्ट्या काढल्या की खिळ्यांची भोकं लाकडी मेखांनी बुजवत. मॉडेलही याच क्रमाने करता येतं आणि ते करणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे. पहिल्या वेळेला मात्र आडव्या फासळ्यांवरच फळ्या चढवा. फासळ्या जवळजवळ ठेवा आणि नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, व मागच्या गोलाईला शिवणीचे ठोकळे भरा. ती गोलाई हीच खरी परीक्षा. फळी तिथे वाकतेही आणि पिळतेही. म्हणून अख्ख्या जहाजाला हात लावण्याआधी नुसता मागचा तिसरा हिस्सा वेगळा करून बघा, आधी जाड कार्डाच्या पट्ट्यांनी, मग लाकडाने. मी असे तीन केले. तिसऱ्याला कळलं की फळीचं टोक निमुळतं करायला मी फार उशिरा सुरुवात करत होते.

हत्यारं थोडी पण धारदार: बारीक दातांची करवत, छोटा रंधा, पटाशी, कानशी, सर्जिकल ब्लेड, हाताने फिरवायचं ड्रिल, मूठभर कपड्यांचे चिमटे. फळी भिजवून वाकवायला सोल्डरिंग आयर्न चालतं. डिंक म्हणून फेव्हिकॉल.

दोऱ्यांचे निदान सहा जाडीचे रीळ लागतील. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद तपकिरी, अगदी काळेभोर नकोत. शिडं आणि परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, हलवणारे फिकट. सगळे मधमाशांच्या मेणातून ओढून घ्या म्हणजे तूस बसते. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं, मागच्या डोलकाठीवर तिरकं त्रिकोणी. फ्लाउटची मातब्बरी तिच्या थोड्या माणसांत होती, कप्प्या आणि दोर इतके नेमके की कमी खलाशांत जहाज चाले. त्यामुळे प्रत्येक दोर कुठून निघून कुठे बांधला जातो, ते कागदावर काढल्याशिवाय एकही कप्पी ओवू नका. रंगकाम थोडंच आहे: पाण्याखालचा भाग मळकट पांढरा, वर तेल-राळेने तपकिरी झालेलं लाकूड.

शेवटी ऋतू. माझ्या पहिल्या मॉडेलच्या फळ्या मी जुलैत लावल्या, दमट हवेत फुगलेल्या. फेब्रुवारीत प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडली आणि तो सबंध भाग उतरवावा लागला. तेव्हापासून पावसाळा मी वाचन, तक्ता, कार्डाचे नमुने आणि दोरांच्या आकृत्या यांनाच देते. चिरलेलं लाकूड मात्र मेमध्येच आणून माळ्यावर पट्ट्यांमध्ये हवा खेळेल असं रचून ठेवते. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की त्या ढिगातली सगळ्यांत सरळ पट्टी पठाणासाठी निवडायची.