सरड्यांच्या नोंदी करताय? या चुका टाळा

माझ्या जुन्या वहीत एक नोंद आहे : ‘सरडा, मध्यम आकार, तपकिरी, पांडवलेणीच्या पायऱ्या.’ तारीख आहे, वेळ नाही. नर की मादी, तेही नाही. मध्यम म्हणजे कशाच्या मानाने? ही ओळ आज मला काडीच्या कामाची नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकचा धो धो पाऊस, पूर्वेला सिन्नरचं कोरडं माळरान. त्यामुळे ‘तिकडचे गडद, इकडचे फिकट’ असं लिहायचा मोह होतोच. मीही लिहिलं होतं. मग वही चाळताना लक्षात आलं, की त्र्यंबकचे सरडे जुलैत पाहिलेले आणि सिन्नरचे फेब्रुवारीत! आपल्या बागेतल्या सरड्याचा नर विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण पावसाच्या सुमारास, डोक्याकडून लाल होतो आणि गळ्यावर काळा डाग चढतो. म्हणजे मी तुलना केली ती गावांची नव्हे, महिन्यांची. त्यातच सकाळी गारठलेला, भांडणात हरलेला आणि हातात धरलेला सरडा वेगवेगळ्या रंगांचा दिसतो. तेव्हा रंगासोबत तारीख, वेळ, ऊन की सावली, नर-मादी आणि जिवंत की बाटलीतला, एवढं तरी लिहा. स्पिरिटमधल्या नमुन्याचे लाल-पिवळे रंग उडालेले असतात. त्यावरून ‘करडी जात’ ठरवू नका.

दुसरी चूक लांबीची. नुसतं ‘३० सेंमी लांब’ लिहू नका. सरड्याची निम्म्याहून बरीच जास्त लांबी शेपटीतच असते आणि टोक तुटलेलं असेल तर आकडाच खोटा. म्हणून मोजायचं ते तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत. शेपटीचा आकडा वेगळा. गुदद्वार ही आडवी चीर असते. तिच्या पुढच्या कडेपर्यंत मोजलं की मागच्या, हे एकदा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या मित्राचा आणि माझा आकडा एकाच नमुन्यावर दोन मिलिमीटरने चुकायचा. कारण एवढंच निघालं, की तो मागच्या कडेपर्यंत मोजत होता. वर तो नमुना जरा ताणूनही धरायचा, ते निराळंच!

घरातल्या पालीची शेपटी गळून पुन्हा उगवते. नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते आणि वरचे खवले, उंचवटे मूळ शेपटीसारखे नसतात. ‘या पालीची शेपटी गुळगुळीत’ असं लिहिण्याआधी ती मूळची आहे का, ते पाहा. सरड्याची शेपटी अशी सहज गळून पुन्हा येत नाही, म्हणून पालीचा नियम त्याला लावू नका.

खवले मोजताना दोन्ही बाजू मोजा. वरच्या ओठाच्या कडेचे डावीकडे १० आणि उजवीकडे ११ निघाले, तर १०/११ असंच लिहा, साडेदहा नको. पिल्लं आणि मोठी एकत्र करून सरासरीही काढू नका. सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि किती नमुने, हे तीन आकडे सरासरीपेक्षा जास्त बोलतात.

याची उलटी चूकही होते. प्रत्येक फरक ‘एकाच जातीतलं वैविध्य’ म्हणून झटकून टाकायचा. माळरानावरचे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे कितीतरी वर्षं एकाच नावाखाली मोडायचे. २०१६ मध्ये त्यांतले काही वेगळे काढले गेले आणि त्या नव्या प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) नाव मिळालं आपल्याच शब्दावरून : सराडा. तिथे गळ्याच्या पंख्याचा रंग-आकार हा एक महत्त्वाचा धागा ठरला, पण तोही फक्त नरांचा. माद्यांच्या नोंदी त्यात मिसळल्या असत्या तर सगळा गोंधळच.

आणि घोरपड दिसली तर टेप खिशातच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. लांबूनच फोटो काढा. ती निघून गेली की ती बसली होती त्याच दगडावर शाळेची पट्टी ठेवा आणि त्याच जागी उभं राहून, झूम न बदलता, दुसरा फोटो घ्या.